सोळा इंच की बावीस

वरच्या मजल्यावरचे काका पहिल्यांदा बंदुकीबद्दल विचारायला खाली आले, तेव्हा मी साठलेली भांडी घासत होते आणि डोक्यात दुसऱ्या दिवशीचा इंटरव्ह्यू होता. कॅनडात, वॉटर्लूला, त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहत असे. ते दारात उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "काय गो, तू मेकॅनिकलची ना?"

"हो काका."

"मग सांग. सोळा इंच की बावीस?"

"कशाचं?"

"रायफलच्या नळीचं."

मी हात पुसले. बंदूक म्हणजे मी बँकेच्या दारातल्या वॉचमनच्या खांद्यावर पाहिलेली, तेवढीच. पण आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडिलांचं पंक्चरचं दुकान. बारावी झाल्यापासून शेजारच्या आजींच्या बीपीच्या गोळ्या, कोणाची बंद पडलेली मोटर, कोणाच्या मुलाला कुठल्या शाखेला घालायचं, सगळं माझ्याकडे येत आलं आहे. इकडे आल्यावर ते थांबेल असं वाटलं होतं. "बघून सांगते," म्हणाले.

काका अलिबागकडचे, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. तरुणपणीच इकडे आले आणि किचनरच्या एका प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबायचे साचे, डाय, बनवत निवृत्त झाले. त्याच कारखान्यातल्या दोन गोऱ्या मित्रांनी त्यांना शिकारीची सवय लावली. दर नोव्हेंबरात तिघं वर उत्तरेला, पॅरी साउंडच्या पलीकडे, हरणाच्या शिकारीला जात. तिथे काकांचं स्वतःचं मचाण होतं. मचाण म्हणजे खांबांवर उभी केलेली लाकडी खोली, आत एक खुर्ची मावेल एवढी, समोर आडवी लांबट खिडकी. गोळीने मारलेलं जनावर कोशर नसल्यामुळे, म्हणजे त्यांच्या धर्मात खायला चालत नसल्यामुळे, काका ते मांस खात नसत. आपला वाटा मित्रांना देऊन टाकत. काकू म्हणायच्या, "खायचं नाही, आणायचं नाही, मग एवढ्या थंडीत जाऊन बसायचं कशाला ते सांगा." यावर काका नेहमी खिडकीबाहेर बघत.

मागच्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढताना त्यांचा उजवा खांदा दुखावला. जुनी रायफल लांब आणि जड, ती आता वर धरवेना. जुन्याचीच नळी कापून आखूड करायचा विचारही त्यांनी केला होता. पण इथल्या कायद्यात कारखान्यातून आखूड आलेली नळी चालते, करवतीने अठरा इंचांखाली आणलेली चालत नाही, म्हणून तो सोडला. मग उन्हाळाभर त्यांनी फोनवर व्हिडिओ बघितले. व्हिडिओतले सगळे दाढीवाले एकमुखाने सांगत होते, सोळा इंच पुरे. हलकी, मचाणात फिरवायला सोपी. काकांचं ठरलंच होतं. मला विचारणं म्हणजे फक्त शिक्का मारून घेणं होतं.

दोन-तीन दिवसांनी लाँड्रीच्या मशीनपाशी काकूंनी मला गाठलं. ड्रायर चालू होता तरी त्या हळूच बोलत होत्या. त्यांचा आवाज मुळातच बारीक.

"बाळा, तू त्यांना सांग, कुठलीच बंदूक नको."

"काकू, असं कसं सांगू?"

"इंजिनिअर म्हणून सांग. माझं ऐकत नाहीत. मुलगा व्हँकुव्हरहून सांगतो, 'जस्ट क्विट, डॅड.' त्याचंही नाही."

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. काकांचा डावा कान संपला होता. थोडा प्रेस शॉपमध्ये गेला आणि उरलेला बंदुकीने. उजव्या खांद्यावर रायफल ठेवली की डावा कान नळीच्या बाजूला येतो. उजव्या कानात मशीन लावून थोडंफार ऐकू येत होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की हा गेला तर मशीनचाही उपयोग नाही.

"सिनेमातली गाणी त्यांना कळत नाहीत आता," काकू म्हणाल्या. "माझं बोलणं कळतं. इतकी वर्षं ऐकलंय ना, अर्धं ऐकू आलं तरी पुरतं. ते गेलं तर या घरात मी मराठी कोणाशी बोलू? तू काय, आज आहेस, उद्या जाशील."

मी कपडे घडी करत राहिले.

त्या आठवड्यात माझे दोन पेपर होते, शनिवार-रविवार ग्रोसरीच्या दुकानात काउंटर होता, आणि को-ऑपसाठी, म्हणजे शिकता शिकता करायच्या नोकरीसाठी, अप्लाय केलेल्या कंपन्यांचे नकार एकामागून एक येत होते. लायब्ररीत बसून मी पेपरचं वाचायची आणि मध्येच नळीचं वाचायची. खरं सांगायचं तर नळीचं वाचताना बरं वाटायचं, कारण त्याचे मार्क नव्हते.

दाढीवाल्यांचं एक म्हणणं बरोबर होतं. नळी आखूड झाली की गोळीचा वेग कमी होतो, पण झाडीतल्या हरणासाठी, काका मारतात तेवढ्या अंतरावर, त्याने काही अडत नाही. प्रश्न आवाजाचा होता. गोळी ढकलतो तो जळत्या दारूचा वायू. नळी आखूड असली की गोळी लवकर बाहेर पडते, तिच्यामागचा वायू अजून पुरता थंडावलेला नसतो, आणि तो सगळा नळीच्या तोंडाशी फुटतो. शिवाय ते तोंड माणसाच्या चेहऱ्याजवळ आलेलं असतं.

मग या लोकांना त्याचा त्रास कसा होत नाही? मी व्हिडिओ परत लावले, आवाज बंद करून. तेव्हा दिसलं. प्रत्येकाच्या नळीच्या टोकाला एक काळं जाड नळकांडं होतं. सायलेन्सर. सोळा इंच नळी आणि त्यापुढे वीतभर सायलेन्सर. दोन्ही मिळून लांबी आपल्या साध्या बावीस-तेवीस इंचांच्या नळीएवढीच होत होती. नळी आखूड घ्यायची ती या नळकांड्याला जागा व्हावी म्हणून. ते त्यांच्या देशात, अमेरिकेत, चालतं. इथे शिकाऱ्याने सायलेन्सर बाळगणं हाच गुन्हा. त्यांचा सल्ला खोटा नव्हता. तो सीमेपलीकडच्या माणसासाठी होता, आणि काकांनी त्यातला अर्धाच उचलला होता.

हे काकांना सांगायला मी योग्य वेळ शोधत राहिले. वेळ मिळायच्या आधीच एका संध्याकाळी ते म्हणाले, "चल, दुकानात जाऊ. तू असलीस की बरं."

शहराबाहेरच्या त्या दुकानात मासेमारीचे गळ, बूट, तंबू आणि मागच्या भिंतीला बंदुका होत्या. काउंटरवरच्या बाईंनी काकांचं लायसन्स बघितलं, कुलूप काढलं आणि सोळा इंचांची रायफल समोर ठेवली. "हल्ली सगळ्यांना हीच हवी असते," त्या म्हणाल्या. काकांनी ती खांद्याला लावून बघितली. खांदा दुखला असणार, पण चेहऱ्यावर आलं नाही. ते हसत होते.

नळीच्या टोकाला आटे पाडलेले होते आणि त्यावर एक छोटी टोपी. ती कशासाठी, असं मी विचारलं.

"डाउन साउथ ते त्यावर कॅन लावतात," बाई म्हणाल्या. "आपल्याला चालत नाही." कॅन म्हणजे तेच नळकांडं. आणि त्यांनी काउंटर पुसायला घेतलं.

मी काकांच्या उजव्या कानाशी गेले. "काका, व्हिडिओतल्या सगळ्यांच्या बंदुकीला सायलेन्सर आहे. म्हणून त्यांना सोळा चालते."

"काय?"

"सायलेन्सर."

"काय म्हणतेस?"

"सायलेन्सर, काका. सायलेन्सर."

दुकान गप्प झालं. कॅनडातल्या बंदुकीच्या दुकानात हा शब्द ओरडून म्हणायचा नसतो, हे मला तेव्हा कळलं. बूट बघणारे दोघं वळून आमच्याकडे बघू लागले. काउंटरवरच्या बाईंचा पुसणारा हात थांबला. "वी डोन्ट वॉन्ट वन," मी घाईने म्हणाले, "आय ॲम टेलिंग हिम वी कान्ट हॅव इट." तेही मोठ्यानेच म्हटलं गेलं.

काकांनी रायफल हळूच खाली ठेवली. "तो नळीचाच भाग आहे," ते मराठीत म्हणाले.

"नाही, काका."

"तुला काय माहीत? कधी बंदूक धरलीयेस?"

"नाही धरली."

बाईंना त्यांनी थँक यू म्हटलं आणि आम्ही बाहेर आलो. गाडीत बसल्यावर मी परत सुरुवात केली, "काका, तुमच्या कानाचं..." त्यांनी उजव्या कानातलं मशीन काढलं, कप होल्डरमध्ये ठेवलं आणि गाडी सुरू केली. काकू सांगायच्या, भांडण संपवायची ही त्यांची पद्धत. घरी पोचेपर्यंत ते मशीन कप होल्डरमध्ये खडखडत होतं, आणि मी वायपरकडे बघत होते.

पुढे बरेच दिवस ते खाली आले नाहीत. काकू मात्र आल्या, वाटीत खोबऱ्याची वडी घेऊन. "काय झालं दुकानात? घेतली नाही ना?"

"नाही. पण मी घेऊ नका असं नाही सांगितलं काकू. आखूड घेऊ नका एवढंच सांगितलं."

त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली. "म्हणजे तूही त्यांच्याच बाजूची."

मी कोणाच्या बाजूची हे मलाही माहीत नव्हतं. दोघांचंही पटत होतं, आणि त्याने जास्तच दमायला होत होतं. कंपन्यांच्या नकाराला निदान उत्तर द्यावं लागत नाही.

ऑक्टोबरच्या सुट्टीत एका सकाळी काका आले. हातात मेझरिंग टेप होती. "सांग परत," ते म्हणाले. "हळू सांग. मशीन लावलंय."

मी पिझ्झाच्या जाहिरातीच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. नळी, गोळी, मागचा वायू. आखूड नळी कुठे संपते, तिथे वायूचा जोर किती. ते वाकून बघत होते. आयुष्य प्रेसवर गेलेलं, त्यांना जास्त सांगावं लागलं नाही.

"एअर व्हॉल्व्हचा मफलर, आवाज मारतो तो, काढला की असंच होतं," ते म्हणाले. "हवा सुटते ती कानातच. एका पोराने साफ करायला काढला आणि परत लावलाच नाही. आठवडाभर आम्ही तसंच काम केलं. कोणी बोललं नाही, कारण ऐकूच कोणाला येत होतं."

ते स्वतःच हसले. मग टेप उघडली आणि खुर्चीवर बसून, डोळे मिटून, मचाण आठवायला लागले. खुर्चीपासून खिडकीपर्यंत एवढं. चौकटीची जाडी एवढी. खांद्यापासून नळीच्या सुरुवातीपर्यंत एवढं. टेप माझ्या टेबलापर्यंत आली. मी दुसरं टोक धरलं होतं. सोळा इंचांच्या खुणेवर त्यांनी बोट ठेवलं आणि थांबले.

"आतच राहतंय," ते म्हणाले.

"काय?"

"तोंड. नळीचं तोंड खिडकीच्या आत राहतं. म्हणजे बार खोलीतच." त्यांनी बोट पुढे सरकवलं. बावीसला ते चौकटीच्या बाहेर निघत होतं. "त्या लोकांचं नळकांडं बाहेर निघत असणार. म्हणून त्यांना काही वाटत नाही."

लाकडाच्या बंद खोलीत, खुर्चीएवढ्या जागेत, तो आवाज. त्यांनी टेप सोडली, ती सरसर परत गेली.

"पण खांदा?" ते म्हणाले. "बावीस उचलवेल?"

याचा मी विचार करून ठेवला होता. दुकानातली सोळा इंचवाली नळी आखूड असली तरी जाड होती. सायलेन्सरचं वजन पेलायला ती तशीच बनवतात. बावीस इंचांची बारीक नळी तिच्यापेक्षा जड होणार नव्हती, आणि काकांच्या जुन्या दांडक्यापेक्षा तर खूपच हलकी. फक्त तोल थोडा पुढे जाणार होता. ते दाखवायला मी वर जाऊन काकूंचा मॉप आणि तूरडाळीची पिशवी मागितली. पिशवी दांड्याला जवळ बांधली, मग थोडी लांब, आणि काकांना दोन्ही वेळा तो खांद्याला लावायला सांगितला.

"माझ्या मॉपने कोणाला मारताय?" काकू जिन्यातून म्हणाल्या.

"हरणाला," काका म्हणाले.

"डाळ सांडली तर दोघांनी मिळून निवडायची."

डाळ सांडली नाही. लांब बांधल्यावर काकांचा हात थोडा थरथरला, पण दांडा खुर्चीच्या पाठीवर टेकवला की थांबत होता. मचाणाच्या खिडकीला एक जाड पट्टा बांधून त्यावर नळी टेकवायची, असं ठरलं.

मग काकू खाली उतरल्या. पदर खोचलेला, हात ओले. "बावीस घ्या नाहीतर बत्तीस घ्या," त्या म्हणाल्या. "पण कानात ते बोळे आणि वरून ते मोठे झाकणवाले, दोन्ही. मचाणात बसल्यापासून उतरेपर्यंत. बार काढताना घालीन असं नको. हरीण दिसल्यावर तुम्हाला कशाची शुद्ध राहत नाही."

काकांचा चेहरा पडला. "दोन्ही घातले तर मशीन काढायला लागतं. मग मला काहीच ऐकू येणार नाही. तिथे बसायचं कशाला?"

"तेच मी इतकी वर्षं विचारतेय."

काका माझ्याकडे बघायला लागले. काकूही. मला वाटलं, दोघांपैकी एकाला तरी बरं वाटेल असं काहीतरी बोलावं. पण नळी लांब घेतली तरी बार हा बारच असतो, आणि इंचांनी कान वाचत नाही. "काकू म्हणतात ते बरोबर आहे," मी म्हणाले. "बावीस घेतली तरी दोन्ही लागतील."

काकांनी मान हलवली आणि मॉपला बांधलेली पिशवी सोडायला लागले. गाठ सुटेना, तरी मला हात लावू दिला नाही.

बावीस इंचांची घेतली. मी दुकानात गेले नाही, कामाला होते. नोव्हेंबरात ते तिघं उत्तरेला गेले. त्या दोन आठवड्यांत काकू मला रोज संध्याकाळी वर जेवायला बोलवत. जेवताना फारसं बोलत नसत. भांडीसुद्धा आवाज न करता ठेवत, आणि लक्ष फोनकडे असे. मचाणापाशी रेंज नव्हती, त्यामुळे फोन यायचा नव्हताच.

काका रविवारी दुपारी परत आले. रायफल कुलपात गेली, गाडीतलं सामान उतरलं, आणि मला चहाला वर बोलावलं. काका टेबलाशी बसले होते, दाढी वाढलेली, खूप थकलेले. काकू सिंकशी, आमच्याकडे पाठ करून.

"साखर किती?" काकूंनी विचारलं. नेहमीच्याच आवाजात, न वळता.

"अर्धा चमचा," काका म्हणाले.

काकूंचे खांदे सैल झालेले मला मागून दिसले.

एकच गोळी झाडली होती आणि हरीण मिळालं होतं. मांस दोघा मित्रांनी वाटून घेतलं. काकांनी हे दोन वाक्यांत सांगितलं. मी विचारलं, कसं वाटलं?

"टीव्हीचा आवाज बंद करून मॅच बघावी, तसं," ते म्हणाले. "हरीण एकदम समोर उभं. आलं कधी, कुठून, पत्ता नाही. पूर्वी आधी ऐकू यायचं. पाऊल टाकणार, थांबणार, परत टाकणार. छातीत धडधडायला लागायचं. आता काय, उभं होतं, मारलं."

मी कपाकडे बघत होते. नळीचं माझं गणित बरोबर आलं होतं. काकांचा उजवा कान होता तसाच शाबूत परत आला होता. तरी मला आनंद होत नव्हता, आणि काकूंनाही होत नसावा, कारण त्या नळ बंद करून नुसत्याच उभ्या होत्या.

"शनिवारी मात्र बरं होतं," काका थोड्या वेळाने म्हणाले.

"शनिवारी काय?" मी विचारलं.

शनिवारी ते बंदुकीला हात लावत नाहीत. शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार. मित्र चेष्टा करतात की शनिवारी हा हरणांच्या पार्टीत असतो. ते नुसते मचाणात जाऊन बसतात. बार काढायचा नाही, आणि मित्रांच्या जागा लांब, म्हणून कानात बोळे नाहीत, मशीन लावलेलं. मग ते सांगायला लागले. पहाटे बर्फाचे बारीक कण वाळक्या पानांवर पडत होते, त्याचा आवाज सुपात तांदूळ पाखडल्यासारखा येत होता. कडेने तळं गोठायला लागलं होतं, ते मधूनमधून कुरकुरत होतं. एक खार इतका दंगा करत होती की त्यांना वाटलं अस्वल आलं. बाकीच्या दिवसांचं त्यांनी दोन वाक्यांत संपवलं होतं. शनिवारचं सांगताना चहा निवला.

"मग बंदूक न्यायचीच कशाला?" काकू वळल्या. "नुसतेच जाऊन बसा ना तिथे. मी काही म्हणणार नाही."

"आणि त्या दोघांना काय सांगू, कशाला आलोय म्हणून?"

त्या दिवशी कोणी माझं मत विचारलं नाही. काकूंनी हात पुसले, काकांच्या उजव्या बाजूची खुर्ची ओढली आणि बसल्या.

"कसले तांदूळ म्हणालात?" त्यांनी विचारलं. "जाडे की बारीक?"